वऱ्हाडची संत्री पेट्रापोलच्या नाक्यावर

आंबिया बहाराची तोड सुरू झाली म्हणजे वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर व अंजनगाव सुर्जी या तालुक्यांत, तसेच अकोला जिल्ह्यातील अकोटाकडे, बागाईतदारांच्या तोंडी एकच प्रश्न ऐकू येतो. "बांगलादेशची गाडी भरू लागली काय?" गाडी भरू लागली की बागेच्या बांधावर गिऱ्हाईक दिसू लागते. गाडी थांबली की दोन दिवसांत भाव उतरतो व कालपर्यंत विसार देण्याची घाई करणारा व्यापारी गावात दिसेनासा होतो. पाणी आमचे, खत आमचे, मेहनत आमची. पण फळाचा भाव मात्र येथून तेराशे-चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या एका फाटकावर ठरावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

झाडावरील कीड, फळगळ, ताण व पाणी यांविषयी आमच्या वाचकांस पुष्कळ माहिती असते व ती मिळविण्याची हौसही असते. परंतु फळ झाडावरून उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्याचे काय होते, त्यावर कोणकोणता खर्च चढतो व तो शेवटी कोणाच्या पदरातून वळता होतो, याचा हिशेब फारच थोडे बागाईतदार मांडतात. "ते व्यापाऱ्याचे काम" असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते ही मोठी चूक आहे. ती का, हे दाखविण्यासाठी पूर्ण भरलेल्या एका गाडीचा वरुड ते पेट्रापोल हा प्रवास आम्ही येथे मांडीत आहो.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. वऱ्हाडचा माल पूर्वेकडे जाणे काही आजचे नाही. आगगाडी येण्यापूर्वी येथील कापूस लदाऊ बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापुरास जात असे व तेथून नावेने कलकत्त्यास पोचत असे. सन 1842 साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांचा कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असे जुन्या गॅझेटियरात सांगितले आहे. पुढे 1867 साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि कापसाने मुंबईची वाट धरली. कापसाची व संत्र्याची गोष्ट एका बाबतीत मात्र अगदी वेगळी आहे. बैलाच्या पाठीवरील कापूस वाटेत महिनाभर राहिला तरी तो कापूसच राहतो. संत्र्याचे तसे नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ असते; साध्या हवेत आठ-दहा दिवसांपलीकडे फळाचा टवटवीतपणा टिकत नाही. धुऊन, प्रतवारी करून वर मेणाचा हात दिला तर आणखी काही दिवस मिळतात, इतकेच. म्हणून कापसाच्या धंद्यात जो हिशेब मणावर होत असे, तो संत्र्याच्या धंद्यात दिवसावर झाला पाहिजे. आमच्या सर्व लेखाचे सार या एका वाक्यात आहे.

आता रस्ता पाहू. वरुड-मोर्शीकडील गाडी नागपुरास जाऊन राष्ट्रीय महामार्ग 53 धरते. अकोट-अंजनगावकडील गाडी अमरावतीवरून त्याच मार्गास लागते. याच महामार्गाच्या अमरावती ते अकोला या तुकड्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरला गेला व त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पुढे भंडारा, दुर्ग, रायपूर, संबळपूर असे करीत गाडी ओरिसा ओलांडून खरगपूरवरून कोलकात्यास येते. तेथून बारासात, बनगाव व शेवटी पेट्रापोल. कोलकात्यापासून पेट्रापोल सुमारे 80 किलोमीटर आहे. या शेवटच्या टप्प्यास जेसोर रोड म्हणतात; दुतर्फा शेकडो वर्षांची प्रचंड झाडे व मध्ये अरुंद रस्ता, अशी तेथील स्थिती आहे. बाराशे-तेराशे किलोमीटर भरधाव आलेली गाडी या ऐंशी किलोमीटरांत मंदावते व बनगावास आली की उभी राहते.

येथून पुढचा भाग आमच्या बहुतेक बागाईतदारांस ठाऊक नसतो, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. बनगाव हे सीमेवरील शहर. पेट्रापोल हा आपला नाका व पलीकडे बेनापोल हे बांगलादेशचे बंदर. बंदर म्हटले तरी तेथे समुद्र नाही; जमिनीवरून माल पार करण्याचे ते ठिकाण आहे. दोन्ही देशांतील जमिनीवरच्या व्यापाराचा सर्वांत मोठा वाटा याच फाटकातून जातो. 2016 साली पेट्रापोल येथे एकत्रित तपासणीचा मोठा तळ सुरू झाला. जकात, वजनकाटा, गोदाम व गाड्यांचा वाडा ही सर्व कामे तेथे एका आवारात होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मैत्री द्वार या नावाचे मालाचे नवे फाटकही तेथे उघडले. पश्चिम बंगाल सरकारने 2022 पासून निर्यातीच्या गाड्यांस आगाऊ वेळ नेमून देण्याची पद्धत चालू केली आहे. त्यापूर्वी गाड्या बनगावच्या तळांवर रांगेने उभ्या राहत. 2021 साली तर साध्या मालाच्या गाड्या कित्येक आठवडे तेथे तिष्ठत होत्या. नाशवंत मालास पुढे काढण्याची वहिवाट आहे खरी, तथापि पुढे काढलेल्या गाड्यांचीही शेवटी रांगच होते.

पाळी आली म्हणजे कागद तपासले जातात. निर्यात करणाऱ्याचा आयात-निर्यात क्रमांक, मालाचे बीजक, वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र व जकातीचे निर्यातपत्र यांपैकी एका कागदात एक आकडा चुकला तरी गाडी बाजूस काढली जाते. कागद बरोबर असल्यास आपलीच गाडी फाटक ओलांडून बेनापोलास जाते, तेथे माल उतरतो, तिकडची जकात भरली जाते व तिकडच्या गाडीत भरून तो ढाक्याकडे रवाना होतो. आपली गाडी रिकामी परत येते. शुक्रवारी तिकडे आठवड्याची सुटी, आपल्या राष्ट्रीय सणांस आपल्याकडे सुटी व ईद-पूजा यांच्या सुट्या वेगळ्याच. या सर्व दिवसांत संत्रे मात्र सुटी घेत नाही. ते गाडीत पिकत व सडत असते.

आता खर्चाकडे वळू. या प्रवासात मालावर तीन प्रकारचा खर्च चढतो व ते तीन प्रकार एकमेकांत मिसळू देता कामा नये.

पहिला खर्च गाडीवर होतो. पूर्ण गाडीचे भाडे हे गाडीचे असते, मालाचे नसते. गाडी काठोकाठ भरा की पाऊण भरा, भाडे तेच. दुसरा खर्च किलोवर होतो. बांगलादेशची जकात ही किलोवर आहे. फळ चांगले असो की वाटेत नासलेले असो, वजनकाट्यावर जे चढले त्याची जकात द्यावीच लागते. तिसरा खर्च दिवसावर होतो. गाडी उभी राहिली त्या प्रत्येक दिवसाची तिची खोटी द्यावी लागते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवसात फळ नासते. पहिले दोन खर्च पावतीवर दिसतात. तिसरा कोणत्याही पावतीवर दिसत नाही. म्हणून तो सर्वांत थोडा वाटतो, व असतो मात्र सर्वांत मोठा.

हे आकड्यांनी दाखविल्याखेरीज पटावयाचे नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या हंगामाचे खरे आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, एका गाडीत 16,000 किलो संत्री भरली व पूर्ण गाडीचे भाडे 1,12,000 रुपये ठरले. म्हणजे किलोस 7 रुपये पडले. तीच गाडी 12,000 किलो भरून गेली तर किलोस 9 रुपये 33 पैसे पडतात. तिकडे घाऊक भाव किलोस 150 रुपये मिळाला असे धरू. त्यातून 2023 सालाप्रमाणे 88 रुपये जकात वजा जाता 62 राहिले. भाडे 7 वजा करून 55. तोड, प्रतवारी, कॅरेट व हमाली मिळून 8 धरल्यास 47. दोन्हीकडील आडत व कागदपत्रे यांस 6 धरले तर 41. शेकडा 5 प्रमाणे फळ नासले तर दीडशेच्या भावाने किलोमागे साडेसात रुपये गेले. राहिले 33 रुपये 50 पैसे. व्यापाऱ्याचे व्याज व नफा 5 रुपये धरला तर बागेत 28 रुपये 50 पैसे भाव देता येतो.

आता तीच गाडी नाक्यावर चार दिवस अधिक उभी राहिली असे समजा. खोटी दिवसास 3,000 प्रमाणे 12,000 रुपये, म्हणजे किलोस 75 पैसे. एवढ्याने कोणी बुडत नाही. पण चार दिवसांत नासाडी शेकडा 5 वरून 12 वर गेली, तर शेकडा 7 प्रमाणे 1,120 किलो फळ आणखी गेले. त्याचे दीडशेच्या भावाने 1,68,000 रुपये होतात. वाचकांनी हा आकडा गाडीच्या भाड्याशी ताडून पाहावा. चार दिवसांची नासाडी गाडीच्या सबंध भाड्याहून 56,000 रुपयांनी अधिक झाली. बागेतील भाव साडेअठ्ठावीसवरून 17 रुपये 25 पैशांवर आला. आणि आपण भांडतो कशावर? गाडीवाल्याने भाडे दोन हजारांनी कमी करावे म्हणून आपण अर्धा दिवस घालवितो. ते दोन हजार म्हणजे किलोस साडेबारा पैसे. नासाडी शेकडा एकाने वाढली तर 24,000 रुपये जातात, त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.

गेल्या हंगामात संत्र्याची गाडी घेऊन जाणाऱ्या आमच्या तालुक्यातील एका तरुण चालकाशी आमचे बोलणे झाले. तो म्हणाला, "काकाजी, भाड्याचं तं सारेच इचारतात. गाडी कितीक दिवस उभी राह्यली, हे कोनी इचारत नाही." त्या मुलाने आमच्या सर्व हिशेबाचे सार दोन वाक्यांत सांगितले.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही तर बाग उक्ती देतो. एकदा पैसे घेतले की पुढे गाडी उभी राहो की उलटो, आम्हांस काय?" हा समज अगदी सर्वत्र आहे व सर्वांत अधिक नुकसान यानेच होते. उक्ता सौदा करणारा व्यापारी खुळा नसतो. गाडी अडेल की काय, ही भीती त्याने आधीच भावात वजा केलेली असते. वरच्या हिशेबात गाडी वेळेवर गेली तर साडेअठ्ठावीस व अडली तर सव्वासतरा. तो बागेत बोली करतो ती सव्वासतराच्या आसपासची. गाडी अडली तर त्याचे फारसे बिघडत नाही. न अडली तर वरचे अकरा रुपये त्याचे. म्हणजे नाक्यावर प्रत्यक्ष उशीर न होताही उशिराचे नुकसान बागाईतदाराने सोसलेलेच असते. जो जोखीम पत्करतो तो भाव ठरवितो, हा व्यापाराचा जुना नियम आहे.

जकातीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. 2019 साली बांगलादेशची जकात किलोस सुमारे 20 रुपये होती. ती दरसाल चढत 2022 साली 63, 2023 साली 88 व 2024 साली शंभरीच्या पुढे गेली. तिकडे परकीय चलनाची टंचाई झाली, तेव्हा मे 2022 मध्ये फळांस चैनीच्या वस्तूंत धरून त्यांवरील नियामक कर वाढविला गेला. जानेवारी 2025 मध्ये ताज्या फळांवरील पूरक कर शेकडा 20 वरून 30 केला व मार्चमध्ये तो 25 वर आणला. आपल्या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक हाच देश. त्यामुळे इकडे बागांचे भाव पडले व पुष्कळांनी झाडे तोडण्याची भाषा सुरू केली. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये जकातीचा निम्मा भार, म्हणजे किलोस 44 रुपये, आपण सोसण्याचे जाहीर केले व त्यासाठी सुमारे 170 कोटी रुपयांची तरतूद सांगितली. उद्देश चांगला होता. परंतु अनुदान निर्यात करणाऱ्याच्या नावे असते, बाग पिकविणाऱ्याच्या नावे नसते. ज्याने बाग उक्ती देऊन टाकली, त्याचे नाव निर्यातीच्या कोणत्याच कागदावर नाही; त्यास कोण व कशाच्या आधारे देणार?

जकात कमी करणे आपल्या हाती नाही. ते दिल्ली व ढाका यांचे काम आहे व त्यासाठी आपल्या प्रतिनिधींस गाठून सांगणे आपले कर्तव्य आहे. पण जकात जड असली तर उशीर अधिकच जड होतो, हे ध्यानात धरावे. जकात 20 रुपये असता एक किलो फळ नासले तर त्यासोबत 20 रुपये बुडत. 88 असता 88 बुडतात. म्हणून जसजशी जकात चढते, तसतसे दिवस वाचविण्याचे मोल वाढते. जे आपल्या हाती नाही ते वाढत चालले असता जे हाती आहे तेही सोडून देणे, यास शहाणपण म्हणता येणार नाही.

आमच्या परिचयातील पाच बागाईतदारांनी काही वर्षांपूर्वी उक्ता सौदा न देता स्वतः एक गाडी भरली. धाडस चांगले होते. पण गाडी तोंडी ठरविली. पाचांची फळे वेगवेगळ्या दिवशी तोडलेली. पहिल्याचा माल चार दिवस सावलीत पडून होता. बिल्टीवर पाचांपैकी एकाचेच नाव, वजन "अंदाजे" व मालाची किंमत लिहिलीच नाही. गाडी सोमवारी निघाली व शुक्रवारी बनगावास पोचली. शुक्रवार सुटीचा; पुढे निर्यातपत्रातील वजन व काट्यावरील वजन जुळेना, त्यात आणखी तीन दिवस गेले. माल उतरला तेव्हा खालच्या थरांतून पाणी गळत होते. पाचही जण महिन्याभराने आमच्याकडे कागद घेऊन आले. आम्ही महसूल खात्याच्या कारकुनीत आयुष्य घालविले. सात-बारा व फेरफार वाचता वाचता एवढे शिकलो की, जे कागदावर नाही ते कचेरीत घडलेच नाही. त्या बिल्टीत दावा सांगण्याजोगे काहीच नव्हते. त्यांतील एका गृहस्थाने मुलीच्या लग्नासाठी धरलेली रक्कम त्या गाडीत गेली. लग्न पुढे ढकलले गेले. पुढील वर्षी त्या पाचांनी पुन्हा बाग उक्ती दिली व "आपल्या लोकांचे हे काम नव्हे" असा निर्वाळा गावात झाला. आमचे म्हणणे असे की, काम त्यांचेच होते. पद्धत मात्र चुकली.

तेव्हा पद्धत कोणती असावी, हे सांगून लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट, आधी वेळ व मग तोड. नाक्यावरील पाळीची तारीख निर्यात करणाऱ्याकडून कागदावर मिळाल्याखेरीज विळा-कात्री झाडास लावू नये. फळ झाडावर दोन दिवस थांबते, गाडीत थांबत नाही. प्रवासास चार दिवस धरून शुक्रवार व सणाचे दिवस टाळून निघण्याचा वार ठरवावा. एका गाडीचा सर्व माल एक-दोन दिवसांच्या तोडीचाच असावा.

दुसरी गोष्ट, गाडी पूर्ण भरावी, पण कायद्याबाहेर भरू नये. जुलै 2018 पासून तीन आसांच्या गाडीस मालासह साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. पूर्वी ती पंचवीस टन होती. जादा भरलेली गाडी वाटेत अडते व दंडापेक्षा दिवस अधिक जातो. शिवाय वरच्या ओझ्याने खालचे संत्रे दबते ते वेगळेच. एका कुटुंबाच्या बागेत गाडीभर माल नसेल तर शेजारच्या तिघा-चौघांनी एकत्र यावे. गावात शेतकरी उत्पादक कंपनी अथवा सहकारी संस्था असल्यास तिच्या नावे गाडी करावी. निर्यातीचा क्रमांक संस्थेच्या नावे घेतला तर अनुदानासारखी गोष्टही पुढे संस्थेच्या दारी येऊ शकते. थोड्या मालासाठी मध्यंतरी आगगाडीची सोय झाली होती. ऑक्टोबर 2020 मध्ये नागपूर व वरुडकडून संत्र्याची किसान रेल दिल्लीस निघाली, भाड्यात निम्मी सवलत होती व थोडा मालही घेतला जात असे. पण सवलतीवर उभा राहिलेला व्यवहार सवलतीबरोबर जातो, हे तेव्हा दिसून आले. आपली एकी ही कोणाच्या सवलतीवर अवलंबून नसते.

तिसरी गोष्ट, करार लेखी करावा. त्यात भाड्याखेरीज दोन कलमे अवश्य असावीत. नाक्यावर किती दिवस विनाखोटी थांबावयाचे व पुढे दिवसास किती द्यावयाचे, हे एक; फाटक बंद असल्यास गाडी कोणाच्या हुकुमाने व कोठे वळवावयाची, हे दुसरे. मार्च 2020 मध्ये मृग बहाराचा हंगाम चालू असता महामारीमुळे पेट्रापोलचा व्यापार थांबला व जूनमध्ये तो नीट सुरू झाला. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला तेव्हाही काही दिवस फाटक मिटले होते. अशा वेळी कोलकात्याचा मेछुआ फळबाजार मागे ऐंशी किलोमीटरांवरच आहे. तेथे भाव कमी मिळेल, पण सडलेल्या मालास मिळतो त्याहून खासच अधिक मिळेल. तेथील एखाद्या आडत्याशी आधीच बोलणे करून ठेवावे.

चौथी गोष्ट, बिल्टी. तीवर गाडीचा नंबर, भरणाऱ्या सर्वांची नावे, प्रत्येकाची कॅरेटे, धर्मकाट्यावरील रिकामे व भरलेले वजन, निघण्याची तारीख व वेळ, "नाशवंत माल" हा शेरा व मालाची किंमत ही सर्व लिहून घ्यावीत. रस्तावाहतुकीचा 2007 सालचा कायदा 1865 च्या जुन्या कायद्याच्या जागी आला असून तो 1 मार्च 2011 पासून लागू आहे. त्याखालील नियमांप्रमाणे मालाची जादा किंमत लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. आणि नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून 180 दिवसांच्या आत दिली नाही तर दावाच चालत नाही. सरकारी बंदीहुकुमाने गाडी अडली तर वाहतूकदार जबाबदार नाही, हेही समजून असावे. विम्याच्या कागदातही नुसत्या उशिराने झालेली नासाडी बहुधा वगळलेली असते. सही करण्यापूर्वी ते कलम वाचून घ्यावे. यावरून दिसेल की, उशिराचे नुकसान भरून देणारा कोणी नाही. ते होऊ न देणे हाच त्यावरील विमा आहे.

पाचवी व शेवटची गोष्ट, प्रत्येक गाडीची टाचणवही ठेवावी. कोणत्या दिवशी तोडले, केव्हा निघाली, बनगावास केव्हा पोचली, फाटक केव्हा ओलांडले, किती कॅरेटे नासली, हे पाच रकाने पुरेत. चालकास सांगून उतरत्या मालाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर मागवावी. एका गावच्या दहा गाड्यांची अशी वही झाली तर पुढील हंगामी उक्त्या सौद्याच्या वेळी व्यापारी "गाडी अडते, भाव परवडत नाही" असे म्हणू लागला की ती त्याच्यापुढे उघडून ठेवता येईल. ज्यांस स्वतः गाडी भरावयाची नाही व उक्ताच सौदा करावयाचा आहे, त्यांसही या वहीचा उपयोग तितकाच आहे. व्यापाऱ्यास भीतीचा भाव मागण्यास जागाच उरत नाही.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी कापूस बाजारात मापात फसवणूक होत असे. ती थांबावी म्हणून 1886 साली कारंजा येथे व पुढे 1897 च्या वऱ्हाडच्या कायद्याने इतरत्र बाजारांस नियम लागू झाले. तेव्हा शेतकऱ्यास वजनाचा हिशेब शिकावा लागला व तो शिकला. आज त्याच्या नातवा-पणतवांस दिवसाचा हिशेब शिकावयाचा आहे. तो त्याहून अवघड नाही. येत्या बहाराची तोड सुरू होण्यापूर्वी चार शेजाऱ्यांनी एका ओट्यावर बसून वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे. हिशेब चुकल्यास आम्हांस कळवावे. बरोबर निघाल्यास एक गाडी तरी त्या पद्धतीने भरून पाहावी.